चरईतल्या दोन खोल्या आणि पंचवीस लाख

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर इथेच लक्षात येईल. आजोबांनी १९६४ साली ठाण्यात चरईतल्या एका जुन्या चाळीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पागडीने, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने, घेतल्या. भाडं बेचाळीस रुपये. आजोबा १९९८ मध्ये गेले, पण पावत्या त्यानंतरही त्यांच्याच नावाने फाटत राहिल्या. २०१९ पासून मालक भाडं घेईनासा झाला. गेल्या वर्षी त्याने जागा बिल्डरला विकली, यंदा पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची ‘सी-१’ची नोटीस जिन्याशी चिकटली, आणि आता बिल्डरचा माणूस दर दोन दिवसांनी येऊन सांगतोय की पंचवीस लाख घ्या, महिनाअखेर खोल्या खाली करा, नंतर एक पैसा मिळणार नाही. आई-बाबा दोघं सत्तरीच्या पुढचे. तुम्ही विचारलंय, पंचवीस लाख वाजवी आहेत का? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की तळमजल्यावर चार ‘अकरा महिनेवाली’, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहणारी, कुटुंबं आहेत, त्यांना तर काहीच मिळणार नसेल ना.

मी ठाण्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं हीच कामं करते आहे. सुरुवातीची सहा वर्षं मालकांच्या बाजूने केली, नंतर बहुतेक भाडेकरूंच्या. तेव्हा माझं मत कुठून येतं ते धरून चाला.

पंचवीस लाख वाजवी की नाही हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की ज्या दिवशी आई-बाबा त्या जिन्यावरून सामान घेऊन उतरतील, त्या दिवशी त्यांना त्या जमिनीशी बांधून ठेवणारा कोणता कागद त्यांच्या हातात असेल? तो असेल तर पंचवीस लाख हा एक भाव आहे, त्याची दुसऱ्या भावाशी तुलना करता येते. तो नसेल तर समोरचा देईल ते घ्यायचं, एवढंच उरतं.

एक गोंधळ आधी दूर करते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी बरीच माहिती मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची असते: म्हाडाचं दुरुस्ती मंडळ, ७९-अ ची नोटीस वगैरे. ते सगळं सायन-माहीमपर्यंतचं. चरईला, नौपाड्याला, खारकर आळीला ते लागू नाही. आपल्याकडे तीन गोष्टी चालतात: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, महानगरपालिका अधिनियम, आणि बांधकामासाठी २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. नवी मुंबईतल्या नातेवाइकांचा सल्लाही जरा बाजूला ठेवा. तिकडे जमीन सिडकोची, लीजवर. राहणारे बहुतेक स्वतः सदनिकाधारक. त्यांची भांडणं वेगळी.

आता नोटीस. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, ‘सी-२ बी’ म्हणजे माणसं आत असतानाच दुरुस्ती, ‘सी-३’ म्हणजे किरकोळ काम. यात डावपेच होतात. मालकाने नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या अहवालावर धडधाकट चाळ सी-१ मध्ये गेलेली मी पाहिली आहे. असा संशय असेल तर भाडेकरूंनी मिळून दुसऱ्या इंजिनिअरकडून किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजसारख्या संस्थेकडून तपासणी करून घ्यावी आणि दोन अहवाल जुळत नाहीत हे महापालिकेला लेखी कळवावं. पण त्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जिन्याच्या तुळया कुजल्यात का, संडासाच्या बाजूची भिंत सुटली आहे का, वासे वाळवीने पोखरलेत का. खरोखर धोका असेल तर आई-बाबांना आजच हलवा. ऑगस्ट २०१५ मध्ये नौपाड्यात बी-केबिनजवळची कृष्णा निवास पहाटे कोसळली, माणसं गेली. त्यानंतर मी कोणालाही ‘ताबा जाईल म्हणून आतच बसून राहा’ असं सांगितलेलं नाही.

आणि सांगायची गरजही नाही, कारण घर सोडलं की हक्क गेला हा बिल्डरच्या माणसाने पसरवलेला समज आहे. २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. भाडेकरूचा हक्क भिंतींबरोबर जमिनीशीही जोडलेला असतो. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने धोकादायक इमारतींबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. पाडण्याआधी प्रत्येकाच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून नोंदवावं, हा त्यातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. म्हणून प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्या: आमच्या खोल्यांची मोजणी करा, ताबेदारांच्या यादीत बाबांचं नाव घाला, दोन्हींची प्रत द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तुम्ही स्वतःही टेप लावून मोजा, मोजताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, माळा आणि बाल्कनी विसरू नका. पडलेल्या चाळीत बाल्कनी होती हे नंतर सिद्ध करायला मला एकदा एका मुंजीचा फोटो कोर्टात लावावा लागला होता.

पावत्या आजोबांच्या नावाने आहेत याची फार काळजी करू नका. भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम ७(१५) नुसार भाडेकरू वारला की त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. बाबा तेव्हा तिथेच राहत होते ना? मग १९९८ च्या आसपासचं रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल, तुमच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे मिळेल ते काढा. तुम्ही लिहिलंय की आत्याही हिस्सा मागते आहे आणि आजोबांनी मृत्युपत्रात तिचं नाव घातलं होतं. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच सांगितलं आहे. तरीही आत्याशी आत्ताच बसून बोला आणि काय ठरेल ते लिहून घ्या. घरातलं भांडण बिल्डरला कळलं की तो त्या घराला शेवटी बोलावतो.

पागडीची पावती मात्र शोधू नका, सापडणार नाही. १९६४ मध्ये मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चालू होता आणि त्यात पागडी घेणं हाच गुन्हा होता. १९९९ च्या कायद्याने ती अधिकृत केली. त्यामुळे त्या काळची सगळी पागडी रोख आणि बिनकागदाची. आजोबांनी किती दिले हे आजीला सांगितलं असेल तर असेल.

थकलेलं भाडं ही तुमच्या केसमधली कमकुवत कडी. मालक घेत नव्हता हे खरं, पण तुम्ही देत होतात हे दिसायला हवं. माझ्याकडे जांभळी नाक्याजवळच्या एक काकू यायच्या. त्यांनी साडीच्या दुकानाच्या पिशवीत नऊ वर्षांच्या परत आलेल्या मनीऑर्डरी जपून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर पोस्टमनच्या निळ्या पेनाने ‘घेण्यास नकार’. दर महिन्याला छप्पन्न रुपये पाठवायला त्या रांगेत उभ्या राहत आणि शेजारीपाजारी हसत. त्या पिशवीपुढे मालकाचा वकील तीन तारखांत गप्प झाला. तुमच्याकडे अशी पिशवी नाही असं दिसतंय. मग आता नव्या मालकाला स्पीड पोस्टाने पत्र लिहा: जागा तुम्ही घेतल्याचं कळलं, आम्ही भाडेकरू आहोत, थकीत भाडं द्यायला तयार आहोत, खाते क्रमांक कळवा. जमीन विकली तरी भाडेकरू तसाच राहतो, फक्त मालक बदलतो. थकबाकीवरून दावा लावायचा तर आधी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावं लागतं, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत व्याजासह रक्कम कोर्टात भरली की घर वाचतं. बेचाळीस रुपयांच्या हिशेबाने ती रक्कम किती होईल ते तुम्हीच काढा. एका चांगल्या जेवणाची होईल.

म्हणजे इथवर असं: घर धोक्याचं असेल तर माणसं हलवायची, पण मोजणी, ताबेदार यादी, १९९८ चे पुरावे आणि भाड्याचं पत्र या चार गोष्टी आधी. किल्ली आणि सही, दोन्ही द्यायची नाहीत.

आता पैशाकडे येऊ. बिल्डरचा माणूस तुमच्याशी बोलताना भाडेकरू म्हणजे त्याच्या डोक्याला ताप आहे असं दाखवतो. कागदावर उलटं असतं. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींसाठी यूडीसीपीआरमध्ये वेगळी तरतूद आहे. भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागणाऱ्या क्षेत्रापलीकडे विकासकाला जादा चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) मिळतं ते त्याच हिशेबाने. म्हणजे आई-बाबांच्या दोन खोल्या हा त्याच्या एफएसआयचा भाग आहे. त्याने तुम्हाला पंचवीस लाख देऊ केले ते यातून किती वाचतात हे मोजूनच. तुमची बाजू मोजायची तर चरई-नौपाड्यातल्या दोन एजंटांकडून नव्या तयार फ्लॅटचा कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेचा, भाव विचारा, त्याला तुमच्या मोजलेल्या क्षेत्रफळाने गुणा. तिसऱ्या एजंटाला विचारू नका, तो बिल्डरचाच असतो. जो आकडा येईल त्यातून चार-पाच वर्षं थांबण्याची किंमत आणि काम अडकण्याचा धोका वजा करा. माझा अंदाज, तरीही तो पंचवीसच्या बराच वर राहील.

पण काम अडकण्याचा धोका खरा आहे, आणि तो कशावर अवलंबून हे तिथे गेल्याशिवाय मी सांगू शकत नाही. सगळ्यात आधी रस्त्याची रुंदी बघा. नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, सहसा वापरता येत नाही, आणि जुन्या ठाण्यातल्या निम्म्या गल्ल्यांत तर टेम्पो वळत नाही. तिथे बिल्डरने सात-आठ मजल्यांचं चित्र दाखवलं तर मंजूर नकाशा मागा, चित्र नको. मग मालमत्ता पत्रक, म्हणजे जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा, काढा, मालकांच्या भावकीचा दावा चालू आहे का बघा. महारेरा या बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाच्या संकेतस्थळावर त्या बिल्डरची आधीची कामं वेळेत झाली का ते बघा.

हे इतकं का सांगते त्याला कारण आहे. २००९ मध्ये माझ्याकडच्या अकरा कुटुंबांनी उथळसरच्या एका चाळीतून शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरच्या ‘समजुतीच्या करारावर’ सह्या करून खोल्या सोडल्या. मी नोंदणीशिवाय सोडू नका म्हणाले होते, पण जोर लावला नाही, कारण पुढची तीन वर्षं ट्रान्झिट भाडं, म्हणजे काम चालू असताना बाहेर राहायला बिल्डर देतो ते भाडं, मिळणार होतं आणि सगळे खूश होते. चौदा महिन्यांनी चेक परत यायला लागले. बिल्डरने प्लॉट दुसऱ्याला दिला, दुसरा तिसऱ्याकडे बोट दाखवू लागला. आज तिथे पे अँड पार्क आहे. मी स्टेशनकडे जाताना मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जाते. अकरापैकी दोघं वारले, चौघं बदलापूरला गेले. दावा अजून चालू आहे.

त्यामुळे जागेच्या बदल्यात जागा घ्यायची ठरली तर कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. त्यावर बिल्डर आणि जमीनमालक दोघांची सही हवी. दोघं एकच असतील तर मालमत्ता पत्रकावर तसं दिसायला हवं. घर कोणत्या मजल्यावर, कितवं, किती चौरस फूट कार्पेट, हे मंजूर नकाशावर लाल रेघेने दाखवून तो नकाशा कराराला जोडलेला हवा. मालकी हक्काने मिळणार की पुन्हा भाडेकरूच राहणार, हे शब्दांत हवं. ‘पूर्वीप्रमाणे’ असा गोल शब्द चालणार नाही. ट्रान्झिट भाडं दरवर्षी वाढतं हवं, निदान वर्षभराचे चेक आगाऊ आणि त्यापुढच्या काळासाठी बँक हमी. हमी मागितली की निम्मे बिल्डर तुम्हाला ‘विश्वास नाही का’ असं विचारतात. नाही म्हणून सांगा. आणि बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय किल्ली नाही.

एक गोष्ट करारात कोणी घालत नाही, आणि माझ्या मते तीच पुढे माणसांना घालवते. नव्या टॉवरचा मेंटेनन्स. लिफ्ट, जनरेटर, वॉचमन, वर विक्रीच्या फ्लॅटवाल्यांना हवं असलेलं जिम. बेचाळीस रुपये भाडं आणि वर नगरपालिकेच्या काळातला नळ, यावर ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना दर महिन्याला चार-पाच हजार पेन्शनमधून कुठून द्यायचे? पुनर्विकासात छान घर मिळालेली किती तरी कुटुंबं पाच-सहा वर्षांत ते विकून डोंबिवली-बदलापूरकडे सरकलेली मी पाहिली. लोक म्हणतात, पैसा झाला म्हणून गेले. काही जण तसे गेले, सगळे नाही. म्हणून कॉर्पसची, म्हणजे बिल्डरने एकदाच द्यायच्या ठेवीची, रक्कम मागा, आणि निदान आई-बाबा हयात असेपर्यंत मेंटेनन्सचा काही भाग त्या व्याजातून जाईल असं लिहून घ्या. सगळ्या घरांनी मिळून मागितलं तर मिळतं, एकट्याने मागितलं तर हसतात.

मग पैसे घेऊन मोकळं व्हावं असं कधी? गल्ली अरुंद असेल, मालकांत भांडण असेल, बिल्डरचं हे पहिलंच काम असेल आणि आई-बाबांना खरंच तुमच्याकडे येऊन राहायचं असेल, तर पैसे घ्या. मीही आजवर तसं सांगितलं आहे. पण ‘खरंच’ हा शब्द त्यांच्याशी बोलून तपासा, तुमच्या सोयीने नको. आईची भाजीवाली, कोपिनेश्वरचा सोमवार, बाबांची मराठी ग्रंथसंग्रहालयातली सकाळ, तलावपाळीचा फेरा, हे सोडून ते तुमच्या पुण्यातल्या वाकडच्या चौदाव्या मजल्यावर काय करणार आहेत हे विचारा. घ्यायचेच ठरले तर सगळी रक्कम बँकेतून, किल्ली देण्याआधी, नोंदवलेल्या दस्ताने. भाडेहक्क सोडल्याच्या मोबदल्यावर कर लागू शकतो, तेव्हा सीएला आधी भेटा. पंचवीसचे हातात किती उरतात ते तिथे कळेल.

शेवटी तुमच्या तळमजल्याबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला तिथेच थांबावंसं वाटतं. गल्लीतल्या दोन-तीन इमारती एकदम पाडायला निघाल्या की ट्रान्झिट भाडं हातात घेतलेली सगळी कुटुंबं त्याच गल्लीत जागा शोधतात, कारण मुलांची शाळा, डॉक्टर, सगळं तिथेच. त्याने त्या गल्लीतलं भाडं चढतं. बिल्डरच्या चेकने भाडं भरणाऱ्यापुढे इस्त्रीवाल्याचा टिकाव लागत नाही. अकरा महिने संपले की करार नव्याने होत नाही, आणि ते कुटुंब कळव्याला, विटाव्याला, पुढे दिव्याला जातं. नोटीस नाही, पाडापाडी नाही, कुठल्याही यादीत नाव नाही. शहरातून सर्वात जास्त माणसं अशीच जातात असं मला माझ्या खुर्चीवरून दिसतं.

कायद्यात त्यांना फारसं काही नाही, हे खोटं बोलून झाकणार नाही. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स संपला की सक्षम प्राधिकाऱ्याकडे मालकाचा अर्ज पटकन निकालात निघतो, आणि मुदतीनंतर बसून राहिलं तर दुप्पट आकारणी होते. त्यांनी आत्ता करायचं ते इतकंच: डिपॉझिट किती दिलंय हे जुन्या मालकाकडून लिहून घ्यायचं, नाहीतर नवा म्हणेल मी घेतलंच नाही. आणि वरच्या मजल्याने बिल्डरशी बोलताना त्यांची मुदत मुलांच्या वार्षिक परीक्षेपर्यंत मागून घ्यायची. एका चाळीत आम्ही हे करारातच घातलं होतं; बिल्डरचं काही बिघडलं नाही.

पण चौघांचे कागद वेगवेगळे बघायला हवेत. तुम्ही लिहिलंय की पोळ्या करणाऱ्या मावशी २००८ पासून त्याच खोलीत आहेत आणि त्यांचा शेवटचा करार २०११ चा. म्हणजे त्यानंतर इतकी वर्षं मालक नुसते पैसे घेत राहिला. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तो नोंदवलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने दुसरं सिद्ध करेपर्यंत. मावशी लायसन्सवर आहेत की भाडेकरू आहेत, हे तिथे वादाचं होऊ शकतं, आणि वाद असला की बिल्डरला त्यांच्याही दारात यावं लागतं. शनिवारी घरी जाल तेव्हा त्यांनी पैसे कसे दिले ते विचारा, रोख की गूगल पे, आणि तो २०११ चा करार सापडला तर त्याच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवा. नोंदणीचा शिक्का आहे की नाही, एवढंच मला बघायचं आहे.